फिरत्या कार वॉशसाठी कंपन्या, दुकानं आणि दवाखान्यांचं काम कसं मिळवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपरी-चिंचवड आणि पुण्याच्या पश्चिम भागात आम्ही फिरतं कार वॉश चालवतो. एक छोटा हत्ती टेम्पो, मागे ५०० लिटरची टाकी, प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम आणि दोन मुलं, एवढा आमचा संसार. या धंद्यात नव्याने उतरणारे फोन करतात, तेव्हा गाडी कशी धुवायची हे कोणी विचारत नाही. ते यूट्यूबवर बघून आलेले असतात. सगळ्यांना एकच हवं असतं: "दादा, कंपनीत शिरायचं कसं?" तेच ते सांगून घसा बसला, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतोय.

सोसायट्या हाताशी असताना ऑफिसांच्या मागे कशाला लागायचं?

सोसायटीत सकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ मिळतो. नवाच्या ठोक्याला पार्किंग रिकामं. मग त्या गाड्या जातात कुठे? ऑफिसच्या पार्किंगला, आणि तिथे सात-आठ तास एका जागी उभ्या राहतात. आपण तिथे असायला हवं.

हिशोब मांडून बघा. दहा गाड्या दहा ठिकाणी धुतल्या तर दिवसाचे तीन-साडेतीन तास वाकड-बाणेरच्या ट्रॅफिकला वाहावे लागतात. एकाच आवारात दोन मुलं दिवसाला बारा गाड्या आरामात काढतात. सरासरी ३०० रुपये धरले तर ३,६०० झाले. दोघांची मजुरी १,४००, इंधन ३००, शाम्पू-पॉलिश-फडकी ३००, पाणी १००. उरले १,५००. त्यातून टेम्पोचा हप्ता आणि देखभाल म्हणून रोजचे ५०० बाजूला काढले तर हजार रुपये तुमचे. हेच काम विखुरलेलं असेल तर बाराच्या सात गाड्या होतात, मजुरी मात्र तेवढीच, आणि महिनाअखेर तुम्ही फुकट राबलेले असता. माझं पहिलं वर्ष असंच गेलं.

आत कुणाला गाठायचं? थेट मालकाला?

दुकान, दवाखाना, जुन्या गाड्यांचा डीलर असेल तर हो, थेट मालक. पन्नासहून जास्त माणसांची कंपनी असेल तर मालकाच्या वाटेला जाऊ नका. तिथे अ‍ॅडमिन किंवा फॅसिलिटी बघणारा माणूस असतो, त्याला गाठा. आयटी पार्कमध्ये आणखी एक मेख आहे. कंपनी हो म्हणाली तरी पार्किंग इमारतीचं असतं आणि इमारत सांभाळणारी संस्था वेगळीच असते. दोन्हीकडून होकार लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे लोक कंपनीचा ईमेल खिशात घेऊन गेटवर उभे राहतात आणि सिक्युरिटी त्यांना आत सोडत नाही.

आणि गेटवरच्या काकांना विसरू नका. "काका, इथली अ‍ॅडमिनची कामं कोण बघतं?" एवढं नीट विचारलं तर नाव, भेटायची वेळ आणि साहेबांचा मूड, तिन्ही कळतं. त्यांना वगळून, रजिस्टरमध्ये खोटं कारण लिहून आत गेलात तर पुढच्या वेळी तुमचा टेम्पो ते अर्धा तास बाहेर उभा करतील. त्यात त्यांची चूक नाही.

पहिल्या भेटीत काय बोलायचं?

इथेच नव्वद टक्के लोक घसरतात. मीही घसरलो होतो. हिंजवडीतल्या एका कंपनीत पहिल्यांदा वेळ मिळाली, तेव्हा मी लॅमिनेट केलेला रंगीत तक्ता घेऊन गेलो होतो. फोम वॉश, वॅक्स, सिरॅमिक, तीन पॅकेजेस, त्यांना सोनेरी-चंदेरी नावं. पंधरा मिनिटं मी बोलत होतो. समोर फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ, टेबलावर एक कागद नाही, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पाणी कुठे सोडणार?" मी म्हणालो, "गटारात." त्यांनी घड्याळ बघितलं. झाली भेट.

खाली येऊन टपरीवर चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला. अ‍ॅडमिनच्या माणसाची स्वतःची गाडी कितीही मळलेली असू दे, तुम्ही समोर बसलात की त्याच्या मनात वेगळंच चालू असतं. पाणी कुठे जाणार? ही पोरं कोण? एखाद्या डायरेक्टरच्या गाडीला ओरखडा पडला तर फोन कुणाला येणार? त्यालाच येणार. चकाचक गाडीबद्दल त्याला कोणी शाबासकी देणार नाही, पण पार्किंगमध्ये चिखल झाला तर बोलणी तोच खाणार. त्यामुळे तुमची सगळी मांडणी एकाच गोष्टीभोवती हवी: साहेब, तुमच्या डोक्याला ताप होणार नाही.

आता मी साधारण असं बोलतो:

"सर, पाणी आमचं आम्ही आणतो. तुमचा नळ आणि तुमचं लाइटचं बटण, दोन्हीला हात लावत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी दोनच मुलं येतील, तीच दर वेळी. दोघांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय, प्रत गेटवर देऊन ठेवतो. गाडी आम्ही हलवत नाही, उभी असेल तिथेच काम. सुरू करण्याआधी गाडीचे फोटो मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. पैसे स्टाफ स्वतः देणार, कंपनीला खर्च नाही. काही तक्रार आली तर तुमच्याकडे येणार नाही, माझा नंबर प्रत्येक पावतीवर आहे. एक महिना बघा, नको वाटलं तर एका फोनवर बंद करतो."

एका मिनिटात संपतं. फोमचं नाव नाही, चमकेचं नाव नाही. समोरचा स्वतःहून विचारतो, "आणि धुता कसं?" तेव्हा सांगायचं. गोल्डन पॅकेजवालं पान घरी ठेवायचं आणि वरचंच सगळं एका पानावर छापून ते पान टेबलावर ठेवून यायचं. कारण साहेबांना ते पुढे आणखी कुणाला तरी दाखवायचं असतं.

ईमेल करू की व्हॉट्सअ‍ॅप? काय लिहू?

मोठ्या कंपनीला ईमेल, इंग्रजीत, कारण तो पुढे परराज्यातल्या कुणाकडे तरी फॉरवर्ड होतो. बाकी सगळीकडे व्हॉट्सअ‍ॅप आणि मराठी. फोटो एकच पाठवा. आठ फोटो आणि एक व्हिडिओ एकदम टाकणाऱ्याचा नंबर लोक आर्काइव्हमध्ये टाकतात. डीलरला पाठवायचा आमचा मेसेज असा असतो:

"नमस्कार साहेब. काल तुमच्या यार्डसमोरून गेलो, २५-३० गाड्या उभ्या दिसल्या. आम्ही पाणी घेऊन जागेवर येऊन धुतो. सकाळी दहाच्या आत, गिऱ्हाईक यायच्या आधी काम उरकतं. बुधवारी त्याच रस्त्याला आहे. दोन गाड्या करून दाखवू का? दहा मिनिटांत कळेल."

यात "तुमच्या यार्डसमोरून गेलो" हे खरं असलं पाहिजे. फेकलेला मेसेज ओळखू येतो.

डेमो फुकट द्यायचा का?

द्यायचा, पण पूर्ण गाडी फुकट धुऊ नका. फुकट धुतलेल्या गाडीचा मालक पुढच्या वेळीही सवलतच मागतो. आम्ही फक्त आतून करतो, तेही ड्रायव्हरच्या बाजूची सीट आणि खालचं मॅट, एवढंच. सात मिनिटांचं काम. बाहेरची चमक कुणालाही येते आणि संध्याकाळपर्यंत धुळीत जाते.

आमच्या व्हॅक्यूमचा डबा पारदर्शक आहे. काम झालं की मुलगा तो डबा काढून मालकासमोर धरतो, बोलत काहीच नाही. एकदा बाणेरच्या एका डॉक्टरबाईंच्या गाडीतून निघालेला ऐवज मला अजून आठवतो: वाटीभर बारीक माती, शेंगदाण्याची टरफलं, केसांचा एक रबर, मुलाचा अर्धा चघळलेला खडू आणि पार्किंगच्या सहा पावत्या. बाई डब्याकडे बघत म्हणाल्या, "आणि मी काच वर करून एसी लावते, धूळ नको म्हणून!" दवाखान्यातल्या चारही डॉक्टरांच्या गाड्या त्याच आठवड्यात लागल्या.

"आमचा वॉचमन पुसतो की रोज" असं म्हणतात. काय उत्तर द्यायचं?

त्या वॉचमनला नावं ठेवू नका. तो महिन्याला सहाशे रुपयांत रोज पहाटे गाडी पुसतो, तेवढ्यात तुम्ही फडकंसुद्धा पिळणार नाही. शिवाय साहेबांचा त्याच्यावर लोभ असतो.

मात्र एक गोष्ट दाखवता येते. गाडी उन्हात असेल तर बॉनेटवर जरा वाकून बघायला सांगा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल-गोल बारीक रेषा दिसतात. धूळ बसलेली असताना कोरड्या फडक्याने पुसलं की तीच धूळ पॉलिश पेपरसारखी घासली जाते, आणि रेषा उमटतात. काळ्या, गडद निळ्या गाडीवर हे चटकन दिसतं. पांढऱ्या गाडीवर दाखवायला जाऊ नका, फजिती होते.

यावर आमचा तोडगा सोपा आहे. रोजचं पुसणं वॉचमनकडेच राहू दे, आम्ही आठवड्यातून एकदा धुतो, आणि त्याला दोन मायक्रोफायबरची फडकी आमच्याकडून देतो. दोन ठिकाणी तर असे वॉचमनच पुढे आमच्याकडे अर्धवेळ कामाला लागले.

पाण्यावरून फार अडवतात. विशेषतः एप्रिल-मे मध्ये.

अडवणारच. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं. पुण्यात खडकवासला साखळीतला साठा उतरला की कपातीची चर्चा सुरू होते. ज्याच्या घरी दिवसाआड पाणी येतं, त्याच्यासमोर तुम्ही फोमचे ढग उडवलेत तर त्याला तुमचा राग येणारच. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूत टंचाई झाली, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली, दंड ५,००० रुपये. अशी वेळ आपल्याकडेही येऊ शकते असं धरूनच धंदा बांधा.

आकडे तोंडपाठ ठेवा. नळाला पाइप लावून धुतलं तर दीडशे-दोनशे लिटर सहज जातं. प्रेशर वॉशरने आमचं ६० ते ७० लिटरमध्ये भागतं. दोन बादल्या आणि मायक्रोफायबरच्या मिटने (हातमोज्यासारखं फडकं) २०-२५ लिटर. वॉटरलेस स्प्रेने पाव लिटर, पण तो नुसत्या धुळीसाठी. चिखल असताना स्प्रे मारून पुसलंत तर वर सांगितलेली कोळ्याची जाळी तुम्हीच विणाल. आमच्या टाकीत प्रेशर वॉशरच्या सात गाड्या होतात, दुपारी एकदा भरून आणावी लागते. उन्हाळ्यात आम्ही सरळ बादलीवर येतो आणि साहेबांना तसं आधी सांगतो.

बोअरचं पाणी असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजल्याशिवाय टाकीत घेऊ नका. मीटर दोन-अडीचशे रुपयांत मिळतो. क्षाराचं पाणी उन्हात गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात आणि मग व्हिनेगर घेऊन बसावं लागतं. काही आवारांत एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध केलेलं पाणी देऊ करतात. ते टायर आणि मडगार्डपुरतं घ्या, शेवटचा हात मात्र चांगल्या पाण्याचा. (या धंद्यात दोन टीडीएस सांभाळावे लागतात, एक पाण्यातला आणि एक बिलातला. दुसऱ्याबद्दल खाली आहे.)

आणि सांडपाणी. "कुठे सोडणार?" याचं उत्तर पावसाळी गटार हे नाही, ते पुढे ओढ्या-नाल्याला मिळतं. आधीच्या भेटीत ड्रेनेजचं चेंबर कुठे आहे ते बघून ठेवा आणि त्याच्या जवळची जागा मागा.

बेसमेंटमध्ये काम करता येतं का?

येतं, बिनापाण्याचं. प्रेशर वॉशर तिथे चालवायचा नाही. इलेक्ट्रिक पॅनल असतात, लिफ्टचा खड्डा असतो, फरशी घसरडी होते. पेट्रोलचा जनरेटर तर कुठल्याही परिस्थितीत बेसमेंटमध्ये सुरू करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस कोसळेपर्यंत कळत नाही. बॅटरीवरचा व्हॅक्यूम वापरा.

अजून एक, हसू नका. टाकीसकट टेम्पोची उंची टेपने मोजून ठेवा. बेसमेंटच्या तोंडाशी साखळीला लोंबणारा काळा-पिवळा दांडा असतो, त्यावर उंची लिहिलेली असते, बहुतेक ठिकाणी दोन मीटरच्या थोडी वर. पहिल्याच कंत्राटाच्या पहिल्याच दिवशी आमची टाकी त्या दांड्याला धडकली, झाकण उडालं, उतारावरून पाणी खाली आणि ऑफिसच्या वेळेला मागे अकरा गाड्या हॉर्न वाजवत. "तुमच्या डोक्याला ताप होणार नाही" असं सांगून चारच दिवस झाले होते.

दर काय सांगायचा?

आमचा आत-बाहेरचा दर छोट्या गाडीला २५०, सेडानला ३००, एसयूव्हीला ४००, तेही एका ठिकाणी किमान आठ गाड्या असतील तर. एकट्या गाडीसाठी बोलावलं तर शंभर रुपये वर. तुमच्या भागात हे कमी-जास्त असेल. "आठ गाड्या" ही अट मात्र सोडू नका, आणि पहिल्या दिवशीच लिहून द्या.

घासाघीस झाली तर दर पाडण्यापेक्षा काम कमी करा. "२०० मध्ये बाहेरून फक्त" असं म्हणा. एकदा दर खाली आला की तो चढवायला दोन वर्षं लागतात.

पैसे कोण देणार हेही स्पष्ट हवं. कंपनीच्या स्वतःच्या गाड्या असतील तर कंपनी. स्टाफच्या गाड्या असतील तर कंपनी फक्त आत येऊ देते आणि स्टाफ क्यूआर कोडवर पैसे देतो. नवख्याला मी दुसरा प्रकार सुचवतो. बिल नाही, थकबाकी नाही, संध्याकाळी पैसे खात्यात.

सुरुवात कोणत्या धंद्यांपासून करावी?

जुन्या गाड्यांचे डीलर सगळ्यात आधी. त्यांच्यासाठी धुतलेली गाडी म्हणजे थेट विक्री, समजावून सांगावं लागत नाही. दर पाडून मागतात, पण गाड्या एका रांगेत उभ्या असतात आणि पाऊस असो ऊन असो, काम असतं. मग डॉक्टर, सीए, वकील यांची छोटी ऑफिसं, कारण निर्णय घेणारा माणूस तिथेच बसलेला असतो.

ट्रॅव्हल्सवाले आणि आयटीच्या पिकअपच्या गाड्या बघून लोकांना मोह होतो, साठ-साठ गाड्यांचा ताफा! पण तिथे ड्रायव्हर दादा स्वतःच बादली घेऊन धुतात आणि मालक गाडीमागे ऐंशी रुपयांवर चढत नाही. आतून महिन्यातून एकदा, एवढंच काम तिथे जमतं. मंगल कार्यालयांकडे मात्र कुणी जात नाही आणि तिथे चांगलं काम आहे. नवरदेवाची गाडी सजवायच्या आधी धुवायची असते, आणि लग्नाच्या सकाळी कुणाकडेच वेळ नसतो. मॅनेजरकडे नंबर देऊन ठेवा.

अ‍ॅम्ब्युलन्सचं काम घेऊ नका. रक्त वगैरे साफ करायला वेगळं प्रशिक्षण आणि साहित्य लागतं.

कोणत्या दिवसांत भेटायला जावं?

आयटी कंपनीत मंगळवार ते गुरुवार, कारण घरून काम सुरू झाल्यापासून सोमवारी आणि शुक्रवारी पार्किंग अर्धं रिकामं असतं. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी, तिथे गुरुवारी गेलात तर कुत्रंसुद्धा भेटणार नाही. दवाखान्यात सोमवारी सकाळी जाणारा माणूस परत दुसऱ्यांदा आत जात नाही.

वर्षाचा विचार केला तर डीलर आणि शोरूमला गाठायची माझी लाडकी वेळ म्हणजे पितृपक्ष. त्या पंधरा दिवसांत नवी गाडी कोणी घेत नाही. एरवी दोन मिनिटं न देणारा मालक चहा मागवून गप्पा मारतो. आणि घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत डिलिव्हरीची झुंबड उडणार आहे हे त्यालाही माहीत असतं, मला फक्त आठवण करून द्यायची असते. खंडेनवमीच्या आदल्या दोन दिवसांचं बुकिंग आम्ही घटस्थापनेलाच बंद करतो. कारखान्यांत यंत्रांच्या पूजेबरोबर गाड्यांचीही पूजा होते, प्रत्येकाला झेंडूचा हार घालायच्या आधी गाडी धुतलेली हवी असते.

कंपन्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये भेटा, नव्या वर्षाची कंत्राटं तेव्हा ठरतात. रंगपंचमीनंतरचा आठवडा सीटवरच्या डागांचा. आणि पावसाळ्यात "धुऊन काय उपयोग?" हे ऐकावंच लागतं. त्या चार महिन्यांत बाहेरचं विकू नका. ओल्या मॅटचा कुबट वास, सीट बेल्टवर आलेली बुरशी, एसी लावल्यावर येणारा दर्प, हे विका. जुलैमध्ये गाडीचं दार उघडून फक्त वास घ्यायला सांगा.

कागदपत्रं काय लागतात?

शॉप अ‍ॅक्ट: कामगार मोजकेच असतील तर ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी): आधारवर, ऑनलाइन, पूर्ण मोफत. त्यासाठी दोन हजार मागणारे एजंट भेटतील, त्यांना नमस्कार करा. पॅन आणि धंद्याच्या नावाचं चालू खातं. मुलांचं पोलीस व्हेरिफिकेशन.

जीएसटी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. काही कंपन्यांच्या व्हेंडर फॉर्ममध्ये जीएसटी क्रमांकाची चौकट सक्तीची असते, तिथे एक तर नोंदणी करा किंवा ते काम सोडा. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही, तो गुन्हा आहे. नोंदणी असेल तर १८ टक्के.

आता बिलातला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर. वैयक्तिक मालकीचा धंदा असेल तर कंपनी १ टक्का कापून बाकीचे देते. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात. कापलेले पैसे बुडालेले नसतात, विवरणपत्र भरलं की हिशोबात येतात. पण भरावं लागतं!

मुलांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना काढा, वर्षाला २० रुपये, २ लाखांचं अपघाती संरक्षण. गेटवर विम्याचा कागद मागतात तेव्हा निदान काहीतरी हातात असतं, आणि ओल्या फरशीवर काम करणाऱ्याला तो हवाच.

कंपनीने बिल अडकवलं तर?

पहिली गोष्ट, पर्चेस ऑर्डर (पीओ) हातात आल्याशिवाय एक बादलीही उतरवू नका. "सुरू करा, पीओ येतेय" यावर विश्वास ठेवून मी एका ठिकाणी तीन महिने काम केलं. ज्यांनी सांगितलं ते नोकरी सोडून गेले आणि नवे साहेब म्हणाले, "तुम्हाला बोलावलं कुणी?" ४१,००० रुपये होते. सात महिन्यांनी आले, तेही हप्त्याने.

उद्यम नोंदणी इथे कामाला येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत न दिल्यास कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा धरता येतो. अकाउंट्सवाल्यांना व्याजापेक्षा ही गोष्ट जास्त टोचते. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि त्याखाली "देयक ४५ दिवसांत" एवढंच लिहा. धमकीची भाषा नको. मार्च जवळ आला की फोन त्यांचाच येतो.

छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी सरकारचं पोर्टल आहे, तिथे तक्रार करता येते. केलीत तर ते गिऱ्हाईक गेलं असं समजूनच करा.

"हा ओरखडा तुमच्याच मुलाने पाडला" असं म्हणाले तर?

फोटो. फडकं ओलं करायच्या आधी चार कोपरे, चार चाकं, छत, समोरची काच. त्याच मिनिटाला मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे वेळही नोंदली जाते. जुना ओरखडा दिसला तर गोल करून पाठवायचा, "हे आधीचं आहे, सर." निम्म्या लोकांना तो ओरखडा तेव्हाच पहिल्यांदा कळतो आणि संशय घरच्यांवर जातो, असो.

चूक आपली असेल तर वाद घालू नका, त्याच दिवशी पैसे द्या. एका बंपरचे २,८०० रुपये मी दिले होते. ते गृहस्थ अजूनही आमच्याकडे आहेत.

गाडीतल्या वस्तूंचं काय करायचं?

सुटे पैसे, गॉगल, फास्टॅगचे कागद, जे मिळेल ते चेनच्या प्लास्टिक पिशवीत घालून पिशवी आरशाला टांगायची. खिशात काही म्हणजे काही नाही, सापडलेली रुपयाची नाणीसुद्धा पिशवीत. किल्ली घ्यायची असेल तर नंबरचा बिल्ला आणि सही.

डॅशबोर्डवरच्या गणपतीसाठी वेगळं, कोरडं, स्वच्छ फडकं ठेवा. टायरचं फडकं तिकडे गेलेलं कुणी पाहिलं तर कंत्राट गेलंच समजा, आणि बरोबरच आहे. मूर्तीच्या खाली पॉलिश जाऊ देऊ नका, चिकटपट्टी सुटते आणि पहिल्या वळणावर बाप्पा पायाशी येतात. बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची सुकलेलं असलं तरी विचारल्याशिवाय काढायचं नाही.

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगच्या झाकणावर प्रेशर मारू नका. इंजिन धुवायला सांगितलं तर नाही म्हणा.

आतल्या माणसाने "आमचं काय?" असं विचारलं तर?

विचारतात. मी म्हणतो, "तुमची गाडी दर महिन्याला एकदा आमच्याकडून, डेमो म्हणून." उघडपणे, पावती करून, शून्य रकमेची. काहींना ते चालतं. ज्यांना दर गाडीमागे वीस-तीस हवे असतात, त्यांचं काम मी सोडलंय. नीतीचं म्हणाल तर तेही आहेच, पण वर दिलेला हिशोब पुन्हा बघा. हजारातले तीनशे रोज दुसऱ्याला दिले तर उरलं काय?

नंतर किती वेळा फोन करायचा?

भेटीनंतर तीन दिवसांनी एक, मग दहा दिवसांनी एक. "बघतो, सांगतो" हे दोनदा ऐकलं की थांबायचं. त्यानंतर फक्त दसऱ्याला एक शुभेच्छेचा मेसेज, त्यात धंद्याचा एक शब्द नाही. ज्या फौजी साहेबांनी घड्याळ बघून मला बाहेर काढलं होतं, त्यांना मी असे दोन दसरे मेसेज केले. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचाच फोन आला, दुसऱ्या कंपनीतून: "पाणी कुठे सोडायचं ते ठरलं का तुमचं?"